सोलापुरात घरच्या बागेत अवोकाडो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, शेळगी, सगळीकडून तेच तेच प्रश्न येतात, आणि जे रोप घ्यायच्या आधी विचारायचे ते बहुतेक वेळा रोप वाळल्यावर विचारले जातात. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवलंय. सलग वाचायची गरज नाही, पण पाण्याचे आणि खड्ड्याचे प्रश्न मात्र सोडू नका.

सोलापूरच्या उन्हात हे झाड जगतं का? एवढं एकच सांगा.

जगतं. पण उन्हाचं सगळे विचारतात, पाण्याचं कोणी विचारत नाही, आणि आपल्याकडे हे झाड जास्त करून मरतं ते पाण्यानं आणि मातीनं. पारा ४२-४३ ला गेला की कोवळी पानं करपतात, बारकी फळं गळतात, खोडाची साल भाजते, हे सगळं खरंय, पण त्याला शेडनेट आहे, चुना आहे, भिंतीची सावली आहे. बोअरचं खारं पाणी आणि पावसाळ्यात चिखल धरून बसणारी काळी माती, यांना रोप लावल्यावर फारसा उपाय राहत नाही, जे करायचं ते आधीच करावं लागतं. त्यामुळे आधी पाणी, मग माती, मग जागा, आणि सगळ्यात शेवटी रोप, या क्रमानं चला. लोक बरोबर उलट करतात.

हे मुळात कुठलं झाड? आपल्या कुठल्या झाडाच्या जवळचं आहे का?

मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. दालचिनी, तमालपत्र आणि कापूर यांच्या कुळातलं आहे, काही जातींची पानं चुरगाळली तर बडीशेपेसारखा वास येतो. आपल्या देशात कर्नाटकातलं कोडगू, केरळातलं वायनाड, तमिळनाडूत निलगिरी आणि कोडाईकनालचा भाग आणि तिकडे सिक्कीम, अशा थंड, पावसाच्या, उताराच्या जागी ते रमलंय. बंगळुरूला ज्यूसवाल्याकडे बटर फ्रूट म्हणून मिळतं ते हेच. आता आपल्याकडे वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, हवा कोरडी, म्हणजे झाडाच्या माहेरापेक्षा सगळंच उलटं, हे मनात ठेवूनच सुरुवात करायची.

कुठली जात लावू? हास मिळाली तर हास लावू ना?

शक्यतो नको. हास म्हणजे ती खरखरीत सालीची, पिकली की काळपट जांभळी होणारी, सुपरमार्केटमधली. चवीला भारी आहे यात वाद नाही, पण तिला सौम्य हवामान लागतं, कोरड्या गरम वाऱ्यात ती फळ टिकवत नाही आणि खारं पाणीही तिला सोसत नाही.

अवोकाडोचे तीन वंश मानतात. मेक्सिकन, ग्वाटेमालन आणि वेस्ट इंडियन. मेक्सिकन थंडी सोसतो, ग्वाटेमालन मधला, आणि वेस्ट इंडियन हा खरा गरम प्रदेशातला, त्याची फळं मोठी, हिरवी, गुळगुळीत सालीची, तेल कमी त्यामुळे गर जरा पाणचट वाटतो, पण उष्णता आणि क्षार हे दोन्ही तिघांत जास्त तोच सहन करतो. आपल्याला तोच पाहिजे, निदान खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं रोप, तरी त्याचा पाहिजे. इस्रायलमध्येसुद्धा जिथं पाणी खारट आहे तिथं वेस्ट इंडियन खुंटावर कलमं करतात, हा काय आपण नवीन शोध लावत नाही.

नावं म्हणाल तर पोलॉक ही वेस्ट इंडियन जात आहे. आपल्या देशातल्या जातींमध्ये बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का सुप्रीम आहे, तिच्या कोडगूतल्या चेट्टळ्ळी केंद्रातून आलेली, आणि तमिळनाडू कृषी विद्यापीठाची टीकेडी-१ आहे. या दोन्ही डोंगरातल्या हवेत तयार झालेल्या आहेत, सोलापूरसाठी नाहीत, पण परदेशी हासपेक्षा इथं यांच्यावर पैसे लावायला मी तयार होईन.

नर्सरीवाला म्हणतो हे हासचंच कलम आहे. ओळखायचं कसं?

जात ओळखता येणार नाही, रोपावरून कोणालाच येत नाही. कलम आहे की नाही ते मात्र दिसतं. मातीपासून वीतभर उंचीवर खोडाला जोड दिसतो, पाचर मारल्याची खूण, कधी प्लास्टिकची पट्टी अजून गुंडाळलेली असते, वरची आणि खालची साल थोडी वेगळी दिसते. खोड खालपासून वरपर्यंत एकसारखं सरळ गुळगुळीत असेल तर ते बियाचं रोप आहे, चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असू दे. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत बराच माल आंध्रातल्या कडियमहून किंवा पुण्याच्या बाजूनं येतो, मध्ये दोन-तीन हात बदलतात, तोवर चिठ्ठ्याही बदलतात. कलमाचा भाव देऊन बियाचं रोप घरी आणू नका एवढंच.

आणि पिशवी उचलून खाली बघा, मुळं बाहेर येऊन गोल गोल फिरलेली असतील तर ते रोप ठेवा तिथंच.

खाल्लेल्या फळाची कोय लावली तर येतं का?

उगवतं मस्त, लहान मुलांना दाखवायला तर एक नंबर. पण फळाच्या आशेनं लावत असाल तर दोन गोष्टी आहेत. एक, कोयीच्या झाडाला फळ धरायला पाच ते आठ वर्षं लागतात, कधी दहाही, आणि कलम तीन-चार वर्षांत सुरू होतं. दुसरी, आईसारखं फळ येईलच असं नाही. हासचीच गोष्ट बघा, कॅलिफोर्नियात ला हाब्रा हाइट्सला रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमननं बी लावलं, त्यावर केलेलं कलम धरेना म्हणून ते झाड तसंच वाढू दिलं, आणि त्याला हे फळ लागलं. १९३५ साली त्यानं पेटंट घेतलं. आज जगात जेवढी हासची झाडं आहेत ती सगळी त्या एका झाडाच्या काड्यांवरून आलेली, कोयीवरून नाही. म्हणजे कोयीतून लॉटरी लागू शकते, पण ती लॉटरीच.

लावायचीच असेल तर कोय धुवा, वरची तपकिरी साल हळू काढा, बसका रुंद भाग खाली आणि टोकाचा भाग वर, अर्धी मातीत अर्धी बाहेर अशी लावा. टूथपिक खुपसून पाण्याच्या ग्लासावर ठेवायची पद्धत चालते पण पाण्यात वाढलेली मुळं मातीत गेल्यावर रुसतात, सरळ कोकोपीट आणि वाळूत लावलेलं बरं. तीन ते सहा आठवडे लागतात, कधी जास्त. कोय मधोमध फाटली की घाबरू नका, तशीच फाटते.

कोय निवडताना आयात झालेल्या काळ्या हासची घेऊ नका, मोठ्या हिरव्या गुळगुळीत बटर फ्रूटची घ्या, त्यात वेस्ट इंडियन रक्त असायची शक्यता बरीच जास्त. पुढं ते रोप पेन्सिलएवढं जाड झालं की त्यावर चांगल्या झाडाची काडी पाचर कलमानं बांधता येते, आंब्याचं कलम करणारा माळी असेल तर त्याला हे अवघड नाही.

कधी लावायचं?

जूनअखेर ते जुलै. पहिला चांगला पाऊस होऊन हवा थंडावली की. म्हणजे झाडाला पावसाळा, पुढं ऑक्टोबरचा थोडा त्रास आणि मग सगळी थंडी असा वेळ मिळतो पहिला उन्हाळा यायच्या आधी. गड्ड्याच्या जत्रेत रोपं स्वस्त दिसली म्हणून जानेवारीत आणलं तरी हरकत नाही, पण मग ते पिशवीतच किंवा कुंडीत सावलीला ठेवा, जमिनीत पावसाळ्यात. फेब्रुवारी ते मे जमिनीत लावायचं नाही.

खड्डा किती बाय किती? तीन बाय तीन बाय तीन घेऊन शेणखत भरलं तर?

हे आंबा-चिकूचं गणित इथं लावू नका. काळ्या मातीत तीन फुटी खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत खत-माती भरली की पावसाळ्यात आजूबाजूचं सगळं पाणी त्या खड्ड्यात येऊन बसतं, बाहेर जायला वाट नसते, तुम्ही झाडासाठी हौद बांधल्यासारखं होतं. अवोकाडोच्या मुळांना केसमुळं जवळजवळ नसतात, खाणारी मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात आणि त्यांना हवा लागते. दोन-तीन दिवस पाणी तुंबलं की ती कुजायला लागतात, मग फायटोफ्थोरा नावाची बुरशी घुसते, लिंबू-मोसंबीला डिंक्या करणारीची भाऊबंदच, आणि झाड संपतं. गंमत अशी की मुळं कुजलेलं झाड वरून तहानलेलं दिसतं, पानं मलूल लोंबतात, मग माणूस अजून पाणी घालतो.

म्हणून खड्डा नको, ढीग करा. जमीन फक्त वीतभर खणून मोकळी करायची आणि त्यावर दीड-दोन फूट उंच, चार-पाच फूट रुंद असा उंचवटा करायचा. त्यात तांबडी माती किंवा पोयटा निम्मा, बारीक मुरूम किंवा जाड वाळू पाव, राहिलेल्यात पूर्ण कुजलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत. मुरूम आणताना हातात घेऊन बघा, पांढरे खडे दिसले तर ती चुनखडी, त्यावर थोडा व्हिनेगर टाकला की फसफसते, तसला मुरूम परत पाठवा. रोप उंचवट्याच्या माथ्यावर, पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच, कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. पिशवी कापून काढा, मुळांचा गोळा फोडू नका, हलवूसुद्धा नका, या झाडाची मुळं फार नाजूक असतात.

जमीन चोपण असेल, म्हणजे वाळल्यावर पांढरा थर येणारी, तर जमिनीत लावूच नका, मोठ्या कुंडीचा विचार करा.

प्लॉटमध्ये कुठल्या बाजूला?

घराच्या पूर्वेला किंवा ईशान्येला. दुपारी तीननंतर घराची सावली झाडावर पडली पाहिजे, आपल्याकडे मारतं ते पश्चिमेचं ऊन आणि त्याच बाजूची झळ. पश्चिमेशिवाय जागाच नसेल तर झाडाच्या पश्चिमेला सात-आठ फुटांवर शेवगा किंवा हादगा लावून घ्या, वर्षभरात तो डोक्याच्या वर जातो, पुढं अवोकाडो मोठा झाला की तोडून टाका. सिमेंटच्या पांढऱ्या कंपाउंडला चिकटून लावू नका, भिंत रात्रीपर्यंत गरम राहते. भिंतीपासून दहा-बारा फूट पाहिजे. मुळं पिंपळ-वडासारखी पाया फोडणारी नाहीत, ती काळजी नको, फांद्यांसाठी जागा लागते म्हणून सांगतेय.

बोअरचं पाणी चालतं का?

आधी मोजा. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळतो, किंवा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून मागून आणा. ५०० च्या आत असेल तर निवांत राहा. ५०० ते १००० मध्ये असेल तर वेस्ट इंडियन खुंट आणि पावसाच्या पाण्याची जोड असेल तर निभावतं. हजाराच्या पुढे असेल तर त्या पाण्यावर अवोकाडो लावू नका, आणि हजाराच्या पुढचे बोअर आपल्याकडे भरपूर आहेत. याला नडतं ते मुख्यतः क्लोराइड आणि सोडियम, क्लोराइड पानांच्या टोकाला साठत जातं आणि तिथून पान जळत येतं.

इथं आपली फसगत होते ती डाळिंब आणि बोरामुळं. माणूस म्हणतो याच पाण्यावर माझं डाळिंब मस्त आहे, नारळ आहे, चिकू आहे, मग याला काय झालं. ती झाडं क्षार पचवणारी आहेत, अवोकाडो फळझाडांमध्ये क्षाराला सगळ्यात हळव्या झाडांपैकी एक आहे.

नळाचं पाणी बरं, पण आपल्याकडे ते बऱ्याचदा काही दिवसांच्या अंतरानं येतं आणि आधी प्यायला-वापरायला लागतं, त्यामुळं झाडासाठी वेगळं पिंप भरून ठेवायची शिस्त लावावी लागेल. सगळ्यात उत्तम पाणी म्हणजे गच्चीवरचं पावसाचं. पाचशे-हजार लिटरची एक टाकी पन्हाळीखाली ठेवली तर उन्हाळ्याची सुरुवात तरी निघते. एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणीही चांगलं, त्यात क्षार नसतात, बादली लावा.

आरओचं वाया जाणारं पाणी घालते मी, पाणी वाचतं म्हणून. बरोबर ना ताई?

ना बाई. आरओ चांगलं पाणी तुम्हाला देतो आणि सगळे क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात एकत्र करतो, म्हणजे मूळ पाण्यापेक्षा ते जास्त खारं. फरशीला वापरा. सॉफ्टनरचं पाणीही नको, त्यात सोडियम असतं.

किती पाणी, किती दिवसांनी?

लिटरमध्ये विचारू नका, बोट घालून बघा. दोन इंच खाली ओल लागली तर आज नको, कोरडं लागलं तर द्या. पहिल्या वर्षी उन्हाळ्यात बहुतेक दिवसाआड द्यावं लागतं, थंडीत चार-सहा दिवसांनी, पावसाळ्यात स्वतःहून काहीच नको जोवर मोठी उघडीप पडत नाही. द्याल तेव्हा उंचवट्याच्या सगळ्या घेरावर फिरवून द्या, खोडाच्या बुडाशी ओतू नका. ठिबक असेल तर दोन-तीन ड्रिपर खोडापासून फूटभर लांब, आणि झाड वाढेल तसे बाहेर सरकवा.

महिन्यातून एकदा, मोठ्या उन्हाळ्यात दोनदा, नेहमीच्या दुप्पट पाणी सावकाश सोडा म्हणजे साठलेले क्षार मुळांच्या खाली धुऊन जातात. उंचवट्याचा फायदा इथंही होतो, पाणी धुऊन खाली जातं, थांबत नाही. बोअरचं पाणी पानांवर मारायचं नाही, थंडावा मिळेल म्हणून लोक दुपारी पाइपनं आंघोळ घालतात, पाणी सुकतं आणि क्षार पानावर राहतात.

आच्छादन कशाचं?

उसाचं पाचट. आपल्या जिल्ह्यात पाचटाला काय तोटा, गळीत हंगामात कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, पेटवून देण्यापेक्षा घेऊन जा म्हणेल. वीतभर जाड थर, खोडापासून वीतभर लांब. झाडाची स्वतःची गळलेली पानं उचलून टाकू नका, तिथंच राहू द्या, जंगलात या झाडाची मुळं अशाच पाचोळ्यात वाढतात. वाळवीवर लक्ष ठेवा, आपल्याकडे पाचट म्हटलं की वाळवी येतेच, निंबोळी पेंड मिसळत जा.

पानांची टोकं तपकिरी होऊन जळतायत.

क्षार. दहातल्या नऊ वेळा तेच, खास करून डिसेंबर-जानेवारीपासून जुन्या पानांवर. पाणी बदला, धुऊन काढा. जळालेलं टोक परत हिरवं होत नाही, नवीन पालवी कशी येते त्यावर बघा. एप्रिलमध्ये अचानक कोवळ्या पानांवर मधोमध डाग पडले तर ते ऊन.

नवीन पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं का?

लोह कमी पडतंय. मातीत लोह असतं, पण चुनखडीच्या मातीत सामू (पीएच) आठच्या वर गेलेला असतो आणि तिथं मुळांना ते उचलता येत नाही. अवोकाडोला साडेपाच ते साडेसहा-सात सामू आवडतो. दुकानदार हिराकस (फेरस सल्फेट) देईल, ते आपल्या मातीत टाकलं की लगेच बांधलं जातं आणि पैसे पाण्यात. चिलेटेड लोह मागा, आणि त्यातही ईडीडीएचए लिहिलेलं, लालसर असतं, महाग असतं पण थोडंसंच लागतं. ईडीटीए स्वस्त पडतं पण जास्त सामूला टिकत नाही, ते फवारणीला वापरा. सोबत वर्षातून एकदा उंचवट्यात थोडं गंधक मिसळा. जिप्समनं सामू उतरत नाही, तो गैरसमज आहे, जिप्सम चोपण जमिनीसाठी.

खत काय द्यायचं?

थोडं थोडं आणि वारंवार. पहिले सहा महिने गांडूळखताशिवाय काही नाही. नंतर जून, सप्टेंबर आणि फेब्रुवारीत मूठभर संमिश्र खत, घेराच्या कडेनं, पाणी देऊन. पालाश देताना लाल-पांढरं म्युरेट ऑफ पोटॅश टाळा, त्यात क्लोराइडच असतं, सल्फेट ऑफ पोटॅश घ्या. जस्त आणि बोरॉन वर्षातून एक-दोनदा फवारणीतून. कोंबडखत आणि ताजं शेण अजिबात नको.

उन्हाळ्यात नेमकं काय काय करू?

फेब्रुवारीच्या शेवटी खोडाला आणि उघड्या फांद्यांना चुना मारा, पाणी घालून पातळ केलेला पांढरा इमल्शन पेंटही चालतो. अवोकाडोची साल हिरवी आणि पातळ असते, ऊन थेट लागलं की भाजून तडकते आणि तिथून रोग घुसतो. लहान झाडावर चार बांबू उभे करून ५० टक्के शेडनेट, वरून आणि पश्चिमेकडून, पूर्व बाजू मोकळी. नेट पानांना टेकवू नका. हे पहिले दोन-तीन उन्हाळे तरी लागतं, पुढं झाड स्वतःची सावली स्वतः करतं. उन्हाळ्यात छाटणी नाही, खत नाही, खुरपणी नाही. ४० च्या वरचे दिवस सलग येणार असं दिसलं की आदल्या संध्याकाळी पाणी द्या, दुपारी कोमेजलं म्हणून भर दुपारी नाही, संध्याकाळी सावरत असेल तर ठीक आहे.

फ्लॅट आहे, गच्चीवर कुंडीत होईल का?

झाड होईल, फळाचं सांगता येत नाही. निदान ५० लिटरची कुंडी किंवा ड्रम पाहिजे, खाली भोकं भरपूर, विटांवर उचलून ठेवलेला. खरं संकट स्लॅबचं आहे, मे महिन्यात आपली गच्ची अशी तापते की कुंडीतली मातीच शिजते. पांढऱ्या रंगाची कुंडी, भोवती गोणपाट, नेट, आणि दुपारनंतर टाकीच्या सावलीत. खुज्या जाती आहेत, वुर्ट्झ नावाची आहे, पण आपल्याकडे मिळेलच याची खात्री नाही. कुंडीत क्षार लवकर साठतात म्हणून धुवायचं वेळापत्रक इथं दुप्पट पाळा.

शेळ्या पाला खातात, चालतं का?

नाही! हे नीट वाचा. अवोकाडोच्या पानात, सालीत आणि कोयीत पर्सिन नावाचं द्रव्य असतं, ते शेळ्या, मेंढ्या, गायी-म्हशी, घोडे आणि ससे यांना विषारी आहे. दुभत्या शेळीची कास सुजते, दूध आटतं, जास्त खाल्लं तर हृदयावर परिणाम होऊन जनावर दगावतं. पोपट, लव्हबर्ड यांना तर फळाचा गरसुद्धा द्यायचा नाही. छाटलेल्या फांद्या कंपाउंडच्या बाहेर टाकून देऊ नका, आपल्या गल्ल्यांमधून शेळ्या फिरतात. माणसाला फळाचा काही त्रास नाही.

एकच झाड लावलं तर फळ येतं की जोडी लागते?

एका झाडालाही येतं, जोडीला जास्त येतं. याच्या फुलाची तऱ्हा न्यारी आहे. प्रत्येक फूल दोन दिवस उघडतं, पहिल्यांदा मादी म्हणून, मिटतं, आणि दुसऱ्यांदा नर म्हणून. ए गटातल्या जातींचं फूल पहिल्या दिवशी सकाळी मादी आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर नर असतं, बी गटात पहिल्या दिवशी दुपारी मादी आणि दुसऱ्या सकाळी नर. म्हणजे एकाच झाडाची फुलं एका वेळी बहुतेक एकाच रूपात असतात. हास ए गटात, फुएर्ते आणि पोलॉक बी गटात. हवामानाच्या चढउतारानं वेळा थोड्या सरमिसळ होतात म्हणून एकटं झाडही थोडंफार धरतं. दोन झाडांना जागा नसेल तर शेजाऱ्याला दुसऱ्या गटाचं लावायला सांगा, नाहीतर आपल्याच झाडाच्या एका फांदीवर दुसऱ्या गटाची काडी बांधा. मधमाश्या पाहिजेत, तर मोहोराच्या काळात कीटकनाशक फवारू नका.

मोहोर खूप आला आणि सगळा गळाला.

मोठ्या झाडाला लाखोंनी फुलं येतात आणि हजारात एक-दोन टिकली तरी झाड लगडलं म्हणतात, त्यामुळे गळणं हाच नियम. आपल्याकडची अडचण वेगळी आहे, मोहोर थंडीच्या शेवटी येतो आणि वाटाण्याएवढी फळं नेमकी मार्च-एप्रिलच्या झळीत सापडतात. त्या दिवसांत ओल तुटू देऊ नका आणि पश्चिमेचा वारा अडवा, बाकी झाडावर सोडा. मोहोराच्या वेळी जुनी पानंही भराभर गळतात, झाड मेलं म्हणून फोन करू नका.

कीड?

फार नाही. पिठ्या ढेकूण आणि कोळी उन्हाळ्यात, निंबोळी तेल पुरतं. खोडातून भुसा दिसला तर खोडकिडा, तारेनं काढा. पावसाळ्यात खोडाच्या बुडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) आणि मातीत ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी, हे दोन्ही एकाच वेळी एकाच जागी नको, बोर्डोतल्या मोरचुदानं ट्रायकोडर्माही मरतो. खारी आणि वटवाघळं फळ मोठं झालं की येतात, जाळीच्या पिशव्या बांधा.

फळ तयार झालं कसं कळणार? झाडावर मऊच होत नाही.

होणारही नाही. अवोकाडो झाडावर पिकत नाही, तोडल्यावर पिकतो. हिरव्या जातींची चकाकी जाऊन साल जरा मंद दिसायला लागली की एक मोठं फळ देठासकट कात्रीनं कापून घरात ठेवा. आठ-दहा दिवसांत सुरकुत्या न पडता मऊ झालं तर बाकीची तयार आहेत. सुरकुतलं, रबरासारखं झालं तर अजून दोन-तीन आठवडे थांबा. लवकर पिकवायचं असेल तर आंब्यासारखी पेंढ्यात अढी घाला किंवा कागदी पिशवीत केळ्यासोबत ठेवा. कच्चं असताना फ्रिजमध्ये ठेवू नका, मग ते नीट पिकत नाही, पिकल्यावर ठेवा.

चव लागत नाही, खायचं कसं?

नुसतं खाल तर नाहीच लागणार. गर काट्यानं कुस्करून त्यात मीठ, लिंबू, बारीक कांदा आणि वरून आपली शेंगा चटणी, कडक भाकरीवर. गोड पाहिजे तर दूध-साखर घालून मिक्सरला, बंगळुरूवाले तसंच पितात. शंभर ग्रॅमला साधारण १६० कॅलरी असतात आणि त्या बहुतेक चरबीच्या, तेव्हा डाएट म्हणून रोज दोन हाणू नका.

सीताफळ, डाळिंब सोडून हे लावण्यात अर्थ आहे का?

फळच खायचं असेल तर नाही. त्या जागेत सीताफळ कमी पाण्यात, काही न करता, दरवर्षी देईल. अवोकाडो हौसेचं झाड आहे, ज्याच्याकडे गोड पाणी आहे आणि रोज संध्याकाळी बागेत चक्कर मारायची सवय आहे त्यानं लावावं.

मग शेतात एकरभर लावू का? यूट्यूबवर एकरी लाखोंचं सांगतात.

रोपं विकणाराच व्हिडिओ करत असेल तर खाली कमेंटमध्ये त्याला विचारा की सोलापूर, सांगोला, मंगळवेढ्याच्या बाजूला फळं धरलेली, पाच वर्षांची बाग कुठं बघायला मिळेल. आधी पाण्याचा आणि मातीचा रिपोर्ट काढा, त्यात क्लोराइड, सामू आणि मुक्त चुना हे तीन आकडे बघा. ते जमत असतील तर दोन-तीन वेगवेगळ्या जातींची मिळून आठ-दहा कलमं बांधाजवळ लावा आणि त्यांना फळ धरेपर्यंत बाकीच्या एकराला हात लावू नका.